अंकलिपीचे दुकान

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास सांगताना आपण लेखकांची नावे घेतो, प्रकाशकांचीही घेतो. परंतु ज्याच्या फळीवरून पुस्तक वाचकाच्या हाती येते त्या दुकानदाराची आठवण क्वचितच काढतो. वह्या, दौती, पाट्या आणि अंकलिपी विकणारा हा माणूस वाङ्मयाच्या इतिहासात कोठेच नाही. वास्तविक मराठी पुस्तकाचा प्रपंच आरंभापासून त्याच्याच गल्ल्यावर चालत आला आहे.

छापील मराठी पुस्तकाला पहिले खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले ते शाळेचे. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तके तयार करण्यासाठी मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे तिचे काम पाहत; १८२८ मध्ये त्यांची मराठी इसापनीती निघाली. दुसरे गिऱ्हाईक पंचांगाचे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत. तेव्हा तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या. गिऱ्हाइकाचे मन ओळखल्यावाचून हा धंदा होत नाही, हे त्या पहिल्या पिढीला पक्के ठाऊक होते. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला.

निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, हे सर्वांना माहीत असते. त्यांनी पुण्यात 'किताबखाना' नावाचे पुस्तकांचे दुकानही काढले, हे सहसा सांगितले जात नाही. शाळा आणि दुकान ही दोन्ही एकाच कार्याची अंगे आहेत हे त्यांनी ओळखले होते. शाईच्या बाबतीत हेच काम दांडेकर बंधूंनी केले. १९३१ मध्ये मुंबईत घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि वड्या घेऊन त्यांनी आरंभ केला. पुढे त्यातूनच 'कॅमल'चा उंट घरोघरच्या दप्तरात शिरला.

आता आमच्या मुलखाकडे वळतो. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्यभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला आली आणि माझ्या वडिलांसारखे अनेक मराठी कारकून दप्तरांबरोबर इकडे आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली. १९६० मध्ये कारखाना सुरू होताच आणखी कुटुंबे आली. आमची इंद्रपुरी ही त्याच परिसराला लागून असलेली वसाहत.

येथे शाळा उघडण्याच्या दिवसांत स्टेशनरीच्या दुकानापुढे उभे राहायला जागा नसते. हिंदी आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके, खाकी कव्हरे, नकाशे, जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग असे सर्व काही मिळते. मराठी अंकलिपी मात्र मिळत नाही. मी विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मास्साब, रख तो लूँ, लेगा कौन?"

त्याचा हिशेब चोख आहे. वही यंदा उरली तर पुढच्या वर्षी खपते. पुस्तक उरले आणि अभ्यासक्रम बदलला की ते रद्दीत जाते. म्हणून जे शाळा मागते तेच तो ठेवतो. पाठ्यपुस्तकासाठी आलेला पालक अंकलिपी घेतो, अंकलिपीशेजारचे गोष्टींचे पुस्तक घेतो, दिवाळीत अंक घेतो. या साखळीची पहिली कडी शाळा आहे. ती निखळली की पुढच्या कड्या आपोआप गळतात. त्यासाठी कोणाला मराठीशी वैर धरावे लागत नाही.

सीमाभागातील वाचकांनी याचा विचार करावा. आपल्या गावी मराठी शाळेची एक तुकडी बंद होते तेव्हा पटावरची वीस मुले कमी होतात एवढेच आपल्याला दिसते. त्याच वर्षी बाजारातल्या दुकानातली एक फळीही कमी होते, ते दिसत नाही.

आमच्याकडे ती पहिली कडी नाही. म्हणून आम्ही दुसरीपासून सुरुवात केली. गेल्या वर्षी बारा घरांनी त्याच दुकानदाराकडे आगाऊ पैसे भरून नागपूरहून अंकलिप्या मागवल्या. यंदा त्याने आपल्या जबाबदारीवर पंधरा आणल्या. तीन अजून उरल्या आहेत. त्या खपल्या नाहीत तर पुढल्या वर्षी तो आणणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. चुकेल ते आपले. मराठीचा अभिमान सभेत बोलून दाखवायला काही लागत नाही. दुकानात तो रोख मोजावा लागतो.