कुंचला आणि व्याघ्रसंवर्धन : डेव्हिड शेफर्ड यांच्या 'टायगर फायर'च्या निमित्ताने

प्रस्तुत लेखात वन्यजीवचित्रणाचा व्याघ्रसंवर्धनाशी आलेला संबंध एका चित्राच्या आधारे तपासावयाचा आहे. भारतीय चित्रकलेस वाघ नवा नाही. अठराव्या शतकातील कोटा शैलीच्या शिकारचित्रांत तो वारंवार दिसतो. परंतु तेथे त्याचे प्रयोजन राजाचा पराक्रम दर्शविण्यापुरते असते. वाघ जगावा म्हणून वाघ रंगविणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना होय.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड (१९३१–२०१७) यांना लंडनच्या स्लेड कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. प्रारंभी ते विमाने रंगवीत. १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्यांच्याकडे विमानाऐवजी गेंड्याचे चित्र मागितले आणि त्यांच्या कलेची दिशाच पालटली. पुढे पूर्व आफ्रिकेत विष कालविलेल्या एका पाणवठ्याभोवती मरून पडलेले २५५ झेब्रे त्यांनी पाहिले. त्यांच्या संवर्धनकार्याचा उगम या दृश्यात आहे.

भारतात १९७२ च्या गणनेत अवघे १,८२७ वाघ आढळले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाटही होते. त्याच वर्षी शेफर्ड यांच्या 'टायगर फायर' या चित्राच्या मर्यादित मुद्रित प्रतींच्या विक्रीतून या कार्यासाठी १,२७,००० पौंड उभे राहिले. तत्कालीन विनिमयदराने ही रक्कम सुमारे तीन लाख डॉलर होते. जागतिक वन्यजीव निधीने वाघांसाठी दहा लाख डॉलर उभारण्याचा संकल्प सोडला होता, हे ध्यानात घेता एका चित्राचा हा वाटा लहान म्हणता येणार नाही. मूळ चित्र एकाच संग्राहकाकडे जाते. मुद्रित प्रती शेकडो घरांत पोहोचतात. या प्रकारच्या निधिसंकलनाचे मर्म येथे आहे.

तथापि एक आक्षेप नोंदविणे अगत्याचे वाटते. या परंपरेतील वाघ बहुधा निर्मनुष्य अरण्यात एकटा असतो. कोटा शैलीच्या चित्रांत निदान शिकारी तरी होते. येथे माणूसच नाही. दूरदेशीच्या ग्राहकास असे अरण्य भावणे स्वाभाविक आहे. मेळघाट मात्र कोरकूंचे घर होते व आहे. चालू शतकाच्या आरंभापासून तेथील अनेक कोरकू गावे गाभाक्षेत्राबाहेर हलविण्यात आली. या निर्णयांमागे चित्रकार होते असे कोणी म्हणणार नाही, परंतु रिकाम्या अरण्याची जी प्रतिमा सुशिक्षितांच्या मनात रुजली, तिच्या घडणीत अशा चित्रांचा वाटा किती, याचा विचार कलेतिहासाच्या अभ्यासकांनी केला पाहिजे.