परिवलनरवाचा शोध

उपकरणातील रव म्हणजे दूर सारावयाची अडचण, असा आपला समज असतो. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९४६ साली फेलिक्स ब्लॉख यांनी दाखविले की, बाह्य उत्तेजन नसतानाही अणुकेंद्रांची परिवलने परस्परांस पूर्णतः निष्प्रभ करीत नाहीत; त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चुंबकत्व शिल्लक उरते. त्यांच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह एस. एस. धर्मट्टी यांनी १९५१ साली इथिल अल्कोहोलच्या तीन पृथक् संकेतरेषा प्रसिद्ध केल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हे शास्त्र रुजविले. संकेताची शाखा अशी बहरली. रवाचे भाकीत मात्र ३९ वर्षे पडताळ्यावाचून राहिले. १९८५ साली स्लेटर, हान, हिल्बर्ट व क्लार्क यांनी द्रव हेलियमच्या तापमानात, अतिसंवाहक संवेदकाने, क्लोरीनच्या अणुकेंद्रांचा रव टिपला. १९८९ साली सामान्य तापमानातही तो आढळला आणि २००६ साली म्यूलर व जेर्शो यांनी उत्तेजनावाचून केवळ त्याच्याच आधारे प्रतिमा मिळविली.

नमुना लहान होत गेला की संकेत संख्येच्या प्रमाणात घटतो, रव केवळ वर्गमुळाच्या. म्हणून अतिसूक्ष्म नमुन्यात रवच अधिक बोलका ठरतो. सोलापुरातील आपल्या अभ्यासकांनीही आलेखाची तळरेषा पुसण्यापूर्वी एकवार वाचावी.