मायटोमायसिन-सी (काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि स्त्रियांची सुरक्षितता)

काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत जखम लवकर भरू नये म्हणून मुद्दाम लावले जाणारे औषध. मुळात ते कर्करोगावरचे. 1950च्या दशकात जपानमध्ये ते स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूपासून मिळाले. काचबिंदूसाठी त्याचा वापर तैवानच्या चेन यांनी 1983मध्ये मांडला.

ट्रॅबेक्युलेक्टमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट काढून देतात. शरीर ती वाट जखम समजून बुजवू पाहते. हे औषध तिथल्या पेशींची वाढ रोखते. जांभळट द्रावणात भिजवलेले स्पंजचे बारीक तुकडे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पारदर्शक पडद्याखाली सरकवतात, घड्याळ लावून मिनिटे मोजतात, मग सगळे तुकडे मोजून बाहेर काढतात आणि सलाईनने जागा भरपूर धुतात. एक तुकडाही आत राहून चालत नाही.

शरीरात किती जाते? एका मिलिलिटरला साधारण 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम असे हे द्रावण, आणि तेही थेंबाथेंबाने. कर्करोगात शिरेतून देतात त्या मात्रेपेक्षा हे शेकडो पटींनी कमी. त्यामुळे रक्तपेशी घटण्यासारख्या परिणामांची धास्ती इथे नसते. खरा धोका डोळ्यालाच : वरचा पारदर्शक पडदा पातळ होणे, पाणी झिरपणे, दाब फार उतरणे, पुढे जंतुसंसर्ग.

गर्भारपणाचे मात्र वेगळे. औषध पेशीच्या डीएनएलाच धरते आणि प्राण्यांमध्ये गर्भाला अपाय दिसला आहे, म्हणून गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईबाबतही आधी विचार करतात. काचबिंदू उतारवयाचा समजला जातो, पण तरुणींनाही होतो. म्हणून ‘शेवटची पाळी कधी आली?’ हा प्रश्न डोळ्याच्या ओपीडीतही विचारलाच पाहिजे, आणि शक्यतो सासूसमोर नव्हे, एकटीला.

दुसरी स्त्री टेबलाच्या पलीकडे असते. औषध विरघळवणारी, स्पंज हाती देणारी सिस्टर स्वतः गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. हातमोजे हवेतच, वापरलेले स्पंज सायटोटॉक्सिक कचरा म्हणून खूण केलेल्या पिवळ्या पिशवीत जातात. डॉक्टरच्या पाठात शिकवली जाणारी ही खबरदारी सिस्टरच्या पाठातही तितकीच ठळक असायला हवी.