मुंबई बंदरातील एकसारख्या होड्यांचा ताफा

वन-डिझाइन शर्यतीत उतरणाऱ्या सगळ्या शिडाच्या होड्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या असतात. लांबी, वजन, डोलकाठीची उंची, शिडांचे क्षेत्रफळ यांपैकी कशातही मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. शर्यत संपल्यावर वेळेचा हिशेब मांडावा लागत नाही. जी होडी आधी पोहोचते ती जिंकते. या प्रकारातील कीलबोटीच्या तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा जड पाता कायमचा बसवलेला असतो. वाऱ्याच्या दाबाने होडी कलली तरी हा पाता तिला उलटू देत नाही आणि आडवी सरकण्यापासूनही रोखतो. महाराष्ट्रात अशा होड्यांच्या शर्यती रुजल्या त्या मुंबई बंदरात.

एकोणिसाव्या शतकातल्या शर्यतींत लहानमोठ्या, वेगवेगळ्या घडणीच्या होड्या एकत्र धावत. त्यांना समान पातळीवर आणण्यासाठी मोजमापे घेऊन मोठ्या होडीने लहान होडीला काही मिनिटांची सवलत द्यावी, असा नियम असे. यात दोन अडचणी होत्या. निकालावर वाद होत आणि ज्याच्याकडे नवी, महागडी होडी बांधण्याइतका पैसा असे त्याचे पारडे जड राही. यावर 1887 मध्ये आयर्लंडमधील डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरात तोडगा निघाला. तिथे ‘वॉटर वॅग’ नावाच्या छोट्या होड्या एकाच आराखड्यावर बांधल्या गेल्या. या होड्या कीलच्या नव्हत्या, पण त्यामागचे तत्त्व जगभर पसरले. 1911 मध्ये अमेरिकेत ‘स्टार’ ही कीलबोट तयार झाली. तिच्या संघटनेने ठिकठिकाणच्या ताफ्यांना एका नियमावलीखाली आणले, आणि स्थानिक ताफा हा या खेळाचा पाया ठरला.

मुंबईत बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 मध्ये झाली आणि 1876 मध्ये त्याला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. अपोलो बंदरावरचा हा क्लब ब्रिटिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांचा होता. भारतीयांना त्याचे सभासदत्व नव्हते. या मंडळींच्या नोकऱ्या बदलीच्या होत्या. अशांना एकसारखी होडी सोयीची पडे, कारण एकाने सोडलेली होडी दुसऱ्याला बिनधोक घेता येई आणि तिची किंमतही सर्वांना ठाऊक असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या क्लबसाठी इंग्लंडमधील नौका-रचनाकार मॉर्गन जाइल्स यांच्या आराखड्यावर ‘सीबर्ड’ वर्गाच्या लाकडी होड्या आल्या. मुंबईच्या वन-डिझाइन परंपरेत या वर्गाचे स्थान मानाचे आहे.

लाकडी ताफा टिकवायला कसबी सुतार लागतात, आणि मुंबईला त्यांची उणीव नव्हती. 1736 मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी इथल्या गोदीत जहाजबांधणीची जी परंपरा सुरू केली, तिच्यातूनच 1817 मध्ये ‘ट्रिंकोमली’ हे सागवानी जहाज पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. सागवानाची पारख, फटी बुजवण्याचे कसब आणि होडी किनाऱ्यावर ओढण्याची रीत हे सारे बंदरावर आधीपासून होते.

ताफ्याचे वेळापत्रक मात्र माणसांपेक्षा निसर्गानेच ठरवले. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बंदरात होड्या नांगरून ठेवणे धोक्याचे असते, म्हणून पावसाळ्याआधी त्या पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात. पाऊस सरल्यावर डागडुजी, रंगकाम आणि नव्या दोऱ्या झाल्या की हंगाम सुरू होतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून आणि दुपारी समुद्राकडून वारा येत असल्याने शर्यती बहुधा दुपारी ठेवतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते. त्यामुळे भरती-ओहोटीचा प्रवाह कुठे साथ देईल आणि कुठे अडवील, हे जाणणारा सुकाणूधारी एकसारख्या होडीतूनही पुढे जातो.

पाण्याच्या खोलीमुळेच कीलबोट महाराष्ट्राच्या आतल्या भागात पोहोचली नाही. वाशीमजवळच्या एकबुर्जीसारख्या जलाशयांतले पाणी उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते, आणि कीलचा पाता तर वर उचलता येत नाही. अशा ठिकाणी हलक्या, पाता वर घेता येणाऱ्या डिंगी होड्या उपयोगी पडतात. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र अशाच होड्यांवर शिकतात.

स्वातंत्र्यानंतर क्लबांचे दरवाजे भारतीयांना उघडले. नौदल आणि लष्कर यांनी या खेळाची जबाबदारी उचलली. 1960 मध्ये यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि नियम, निवड व राष्ट्रीय स्पर्धा एका छत्राखाली आल्या. 1982 च्या आशियाई खेळांच्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या डिंगी वर्गात सुवर्णपदक पटकावले. या यशामागे एकसारख्या होड्यांवर वर्षानुवर्षे मुरलेली शिस्त होती.

फायबरग्लासमुळे देखभाल सोपी झाली. रॉड जॉन्स्टन यांनी 1977 च्या सुमारास रचलेली ‘जे-24’ सुमारे 7.3 मीटर लांबीची आणि 1.2 मीटर खोल बुडणारी आहे. 1992 ची ‘जे-80’ 8 मीटरची. दोन्ही होड्या मुंबईच्या शर्यतींत उतरल्या. त्यांच्यावर एकट्यादुकट्याला भागत नाही. तीन ते पाच जणांचा संघ लागतो. त्यातला एक सुकाणू धरतो, एक मोठे शीड, एक पुढचे, आणि उरलेले वजन तोलत डोळे वाऱ्यावर ठेवतात. नवख्याला अनुभवी माणसांच्या शेजारी बसून शिकता येते, हा कीलबोटीचा मोठा गुण आहे.

ताफा चालवण्याची पद्धत थोडक्यात अशी. होड्या क्लबच्या मालकीच्या असतील तर त्या चिठ्ठ्या टाकून वाटतात आणि प्रत्येक फेरीनंतर बदलतात, म्हणजे एखाद्या होडीत किरकोळ दोष असला तरी तो सगळ्यांच्या वाट्याला येतो. खासगी होड्यांची मोजणी करून शिडांवर शिक्के मारतात. रेस ऑफिसर वाऱ्याची दिशा पाहून बोये टाकतो, सुरुवातीची रेषा आखतो आणि निशाणे व भोंग्याने इशारा देतो. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशा रीतीने सर्वांत कमी गुण मिळवणारा मालिका जिंकतो. टक्कर किंवा नियमभंगाची तक्रार त्याच दिवशी समितीपुढे ऐकली जाते.

एवढी घडी बसली तरी ताफा जगतो तो सातत्यावर. चार-सहा होड्या दर आठवड्याला पाण्यात उतरल्या, त्यांच्या दुरुस्तीचा खर्च सर्वांनी वाटून घेतला, आणि जुन्या सुकाणूधाऱ्यांनी नव्यांना जागा दिली, तर आराखडा कोणताही असो, शर्यत चालू राहते. मुंबईने लाकडापासून फायबरपर्यंत होड्या बदलल्या. या तीन गोष्टी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने उभ्या कराव्या लागल्या.