दगडावरची काजळी आणि वाळूचा झोत

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन याला १८७० साली वाळूच्या झोताचे जे पेटंट मिळाले, त्याचा विषय दगड, धातू, काच इत्यादी पदार्थ कापणे व कोरणे हा होता. जुन्या इमारतींची काजळी उतरविण्याचा धंदा त्या सनदेच्या आधाराने पुढे केव्हातरी उभा राहील, याची तीत चाहूलही नाही. यादवी युद्धात सेनाधिकारी म्हणून लढलेला आणि लाकडापासून कागदाचा लगदा करण्याच्या सल्फाइट पद्धतीचाही जनक असलेला हा गृहस्थ मोठा चौकस असला पाहिजे. वाळवंटी वाऱ्याने खिडक्यांच्या काचा अंधुक झालेल्या पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे काहीही असो, वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोराने वाळूचे कण फेकले असता कठीण व ठिसूळ पदार्थ झिजतात आणि रबर, कागद, फार काय, नाजूक लेससुद्धा तो मारा सोसून टिकते, हे त्याने हेरलेले मर्म मात्र निर्विवाद होते. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांसाठी अमेरिकी सरकारला लाखांच्या संख्येने शिळा हव्या झाल्या, तेव्हा व्हरमाँटच्या संगमरवरावर ओतीव लोखंडाची अक्षरे मांडून भोवतालचा दगड वाळूने खोदून काढण्यात आला आणि मृताचे नाव उठावाने उभे राहिले. पाथरवटाच्या छिन्नीला जे इतक्या त्वरेने कधीच साधले नसते, ते या झोताने साधले.

दगड खोदणारे हे हत्यार दगड धुण्यासाठी वापरावे, ही कल्पना आज विपरीत वाटते. परंतु तिच्या मुळाशी काही व्यवहार होता. ओतशाळेतील ओतीव कामावरची पापडी, पोलादी पुलांवरचा गंज, जहाजांच्या बुडावरचे जुने रंग यांवर वाळूचा मारा गुणकारी ठरला होता, आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या नगरांत, परांची बांधून महिनोन् महिने ब्रशाने भिंती घासण्यापेक्षा झोत फिरविणे स्वस्त पडत होते. क्षेत्रफळावर मोबदला मिळणाऱ्या मक्तेदाराला सावकाशीत रस असण्याचे कारण नव्हते. भिंत उजळली म्हणजे मालक संतुष्ट, मालक संतुष्ट म्हणजे हिशेब चुकता! झोताने काजळीबरोबर दगडाचा किती अंश नेला, याची नोंद कोणाच्याच दफ्तरी होत नसे.

या धंद्याची पहिली खरी किंमत मोजली ती मजुरांनी. वाळूतील सिलिकाची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस जडतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ओतीव वस्तूंच्या साफसफाईत सिलिकायुक्त वाळू वापरण्यास मनाई केली. कायद्याला दगडाआधी माणसाची कणव आली, हे योग्यच झाले. मात्र दगडाची पाळी येण्यास आणखी बराच अवधी जावा लागला.

पॅरिसात आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री झाले, तेव्हा दर्शनी भिंती दहा वर्षांतून एकदा तरी स्वच्छ केल्या पाहिजेत, असा १८५२ चा हुकूम जुन्या कागदांत निजलेलाच होता. मालरोंनी त्यात प्राण फुंकला आणि काळे पॅरिस पुन्हा पिवळसर दिसू लागले. ती मोहीम मुख्यतः पाण्याची होती. ग्लासगोसारख्या वालुकाश्माच्या शहरांत झोताचा वापर सढळ झाला आणि कोरीव कामाच्या धारा बोथट झालेल्या दर्शनी भिंती लोकांना नंतर पाहाव्या लागल्या. अमेरिकेत १९७७ च्या शासकीय निकषांनी ऐतिहासिक इमारतींवर वाळूचा मारा निषिद्ध ठरविला. त्यामागची कारणमीमांसा सरळ आहे: भाजलेल्या विटेची बाहेरची कातडी भट्टीत सर्वांत टणक होते, ती एकदा सोलली की आतला मऊ गाभा उघडा पडून पाणी शोषू लागतो, आणि उजळलेली भिंत काळ्या भिंतीहून लवकर झडते.

आपल्याकडे मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण ठरावे. जॉन बेग यांनी विजापूरच्या गोलघुमटाची आठवण ठेवून योजिलेली आणि १९१३ साली पूर्ण झालेली ही इमारत काळ्या बेसाल्टची आहे. तिला कुर्ल्याच्या पिवळसर दगडाची सजावट आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड दिलेली आहे. एकाच भिंतीवर तीन दगड, तीन स्वभाव! बेसाल्ट ज्या दाबाला भीकही घालणार नाही, त्याच दाबाने शेजारच्या मऊ दगडावरची कोरलेली पाने पुसून जातील.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली अमलात आली आणि यादीतील इमारतींच्या दुरुस्तीस आगाऊ परवाना आवश्यक ठरला. तथापि परवान्यातील शर्त परांचीवर चढेपर्यंत टिकते की नाही, हे मक्त्याच्या मसुद्यावर अवलंबून असते. चौरस फुटाचा दर ठरवून मोकळा होणारा मालक घाईचीच मजुरी देत असतो. जाणता मालक आधी आडोशाच्या कोपऱ्यात, प्रत्येक जातीच्या दगडावर हातभर जागेत नमुना करवून घेतो, मऊ ब्रश व साधे पाणी यांनी काम भागते काय ते तेथे प्रथम पाहतो, शक्य तर एक पावसाळा जाऊ देतो, आणि मग त्या नमुन्याशी ताडून पाहिल्याखेरीज पुढचा हप्ता मिळणार नाही, असे कलम घालून सही करतो.