मिनी जी. आणि कुशिंगसाहेब

डिसेंबर १९१०. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. २३ वर्षांची एक मुलगी डॉ. हार्वे कुशिंग यांच्याकडे आली. डोकं सतत दुखतंय, मासिक पाळी कधीचीच बंद, चेहऱ्यावर लव, धड सुटलेलं आणि पोटावर जांभळे पट्टे. कुशिंग म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेतला बापमाणूस, पण हे कोडं त्यांनाही सुटेना. १९१२ च्या पुस्तकात त्यांनी तिची नोंद 'मिनी जी.' म्हणून केली आणि एकाहून जास्त ग्रंथी बिघडल्या असाव्यात असं लिहून ठेवलं.

पुढची वीस वर्षं त्यांनी हे प्रकरण सोडलं नाही. १९३२ मध्ये असे १२ रुग्ण एकत्र मांडून त्यांनी बोट ठेवलं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतल्या बारीक गाठींवर.

आता आपल्याला यामागची यंत्रणा माहीत आहे. पीयूषिका एसीटीएच नावाचा निरोप पाठवते, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, आणि कॉर्टिसॉल वाढलं की पीयूषिका गप्प बसते. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. गाठ हा फीडबॅक धड ऐकतच नाही. मग स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो.

पण खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या! १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेलही मिळालं. मात्र औषध घेत राहणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे गोल व्हायला लागले. कुशिंगनी ग्रंथीत शोधलेला आजार आता बाटलीतून येत होता. आज या आजाराचं सर्वात मोठं कारण स्टिरॉइड औषधं हेच आहे.

आमच्या नात्यातल्या एक काकू गुडघ्यांसाठी कुठूनशा 'रामबाण' पुड्या घ्यायच्या. दुखणं पळालं, गाल भरले. "तब्येत सुधारली हो!" असं सगळे म्हणायचे. पुड्यांत स्टिरॉइड असल्याचं उशिरा कळलं.

असो. स्टिरॉइड वाईट नाही, दम्यात आणि इतर अनेक आजारांत ते जीव वाचवतं. पण ते फार दिवस घेतलं की आपल्या ग्रंथी झोपी जातात, आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा मंडळी, सुरू करताना आणि बंद करतानाही डॉक्टरांना विचारा. आणि कुणाचा चेहरा अचानक गोल झालेला दिसला, तर चिडवण्याआधी "कुठलं औषध चालू आहे का?" एवढं जरूर विचारा.