१६१८ चे तुफान आणि त्यानंतरची उपासमार

वसईचा इतिहास म्हटला म्हणजे चिमाजी आप्पा आणि १७३९ सालची लढाई एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्याआधी १२१ वर्षे याच गावावर जे संकट कोसळले त्याची गोष्ट मात्र घरात कोणी सांगत नाही. भगिनींनो, ती आज थोडक्यात सांगते.

तेव्हा येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. १६१८ साली प्रथम रोगाची साथ आली. तीतून लोक सावरतात न सावरतात तोच १५ मे रोजी भयंकर तुफान झाले. होड्यांची व घरांची धूळधाण उडाली, हजारो माड उन्मळून पडले, फ्रान्सिस्कन व ऑगस्टिनियन पंथांचे मठ उद्ध्वस्त झाले, तीन मोठ्या चर्चांची छपरे उडाली. वाऱ्याने समुद्राचे पाणी पार आत लोटले.

परंतु माझ्या मते खरा घाव यापुढचा. त्या वर्षी पाऊसच पडला नाही! वाडीत राबणाऱ्या बाईला याचा अर्थ निराळा सांगायला नको. जमिनीत शिरलेला खार धुऊन जायचा तो पावसानेच. आणि माड नवा लावला तरी फळ धरायला सहा-सात वर्षे जाणार. होडी गेली, माड गेले, शेत पिकले नाही. मग खायचे काय? थोड्याच महिन्यांत आईबाप आपली पोरे उघडउघड दलालांना विकू लागले. गुलामीत का होईना, पोर जगेल, एवढाच त्यातला हिशेब. त्या आयांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा बाजार थांबविला तो जेझुइट पाद्र्यांनी. स्वतःच्या तुटपुंज्या नेमणुकीतून त्यांनी पैसा वाचविला आणि बाकीचा गावातील धनिकांकडून जमविला. पोर्तुगीज अमलाच्या कडू आठवणी पुष्कळ आहेत. तरी या कामाचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेले. दिवस जवळजवळ तेच, आणि करोनाची साथही होतीच. झाडे पडली, केळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली. पण या वेळी इशारा आधी मिळाला होता, रेशनवर मोफत धान्य मिळत होते, आणि मुख्य म्हणजे ९ जूनला मोसमी पाऊस मुंबईत पोचला.